सरांचा तास

"मॅडम, हे सरांनी आधीच सांगितलंय," शारदा बाजड म्हणाली आणि वर्गातल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

सर मागेच बसले होते. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. फेब्रुवारी सरत आला होता, रिसोडचं ऊन आतापासूनच चटके देत होतं, तरी त्यांच्या गळ्याला मफलर होता. मांडीवर दगडी पाटी, बोटांत पेन्सिल. ते काही बोलले नाहीत. बोलायची त्यांना बंदी होती. त्यांनी फक्त मान हलवली. म्हणजे, हो, सांगितलंय.

"मग तूच सांग काय सांगितलं ते," मी म्हटलं आणि खुर्चीत बसले. सर कधी बसून शिकवत नसत. पण मी पहाटेपासून उभीच होते.

सर म्हणजे प्राध्यापक श्रीराम खोडके. आमच्या कॉलेजचे मराठीचे विभागप्रमुख आणि माझे यजमान. गावात त्यांचा आवाज प्रसिद्ध होता. गणपतीतलं भाषण असो, कुणाची शोकसभा असो, लग्नातलं आभारप्रदर्शन असो, खोडके सर उभे राहिले की लोक हातातलं ताट बाजूला ठेवून ऐकत. तीच गोष्ट घरात. पेपरातली बातमी ते मला वाचून दाखवत, मग तिचा अर्थ सांगत, मग त्यावर माझं मत काय आहे तेही सांगत. या आवाजालाच हिवाळ्यात काहीतरी झालं. घोगरा झाला, मग मध्येच तुटायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली आणि महिनाभर एक शब्द बोलायचा नाही असं बजावलं. "कुजबुजसुद्धा नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू पहारा मलाच द्यायचा होता.

मी त्याच कॉलेजात होते, पण ज्युनिअरला. सकाळच्या सत्रात अकरावी-बारावीला मराठी शिकवायची. आम्ही दोघं एकाच वर्षी एम. ए. झालो. माझे गुण त्यांच्याहून जास्त होते, हे लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी पाहुण्यांना सांगितलं नव्हतं. बी. ए.चे वर्ग मला कधी मिळाले नाहीत, आणि कुणी विषय काढलाच तर सर हसून म्हणत, "एका घरात एक प्राध्यापक पुरे." सगळे हसत. मीही हसत असे. 

परीक्षा तोंडावर आली आणि सरांचे तास रिकामे जायला लागले तेव्हा प्राचार्य राजूरकरांनी मला बोलावलं. "मॅडम, तेवढं बी. ए. दुसऱ्या वर्षाचं बघाल का? कथेचा पेपर राहिलाय." मी हो म्हटलं. घरी सांगितलं तेव्हा सरांनी पाटीवर लिहिलं, 'मीही येऊन बसेन.' कशाला, असं मी विचारलं नाही. पोरं दंगा करतील, असं उत्तर आलं असतं.

तेव्हापासून माझा दिवस असा झाला होता. अंधारात उठायचं, त्यांच्यासाठी मऊ भात आणि पातळ वरण करून ठेवायचं, कारण घशाला टोचेल असं काही चालत नव्हतं. मग ज्युनिअरचे वर्ग. ते सुटले की घरी पळत येऊन त्यांना जेवू घालायचं, आणि दोघांनी मिळून पुन्हा कॉलेजात जायचं. ते पुढे, मी मागे. तासाला मी फळ्यापाशी, ते शेवटच्या बाकावर. संध्याकाळी मी भाजी चिरत असले की मागून पाटीवर पेन्सिल आपटल्याचा आवाज यायचा. टक टक. मी हात पुसून जायची. पाटीवर लिहिलेलं असायचं, 'प्रतीक घाईत झालं.' किंवा, 'फळ्यावर अक्षर मोठं काढ.' मी बरं म्हणायची. मुलगी मुग्धा नागपूरला होस्टेलवर होती, घरात आम्ही दोघंच. एवढी शांतता आमच्या घरात कधी नव्हती, पण तिनं विसावा मात्र मिळत नव्हता. टक टक कधी होईल, याकडे सारखा कान लागलेला असे.

तर त्या दिवशीचा तास. कथा होती 'वाटेतली नदी'. जुन्या पिढीतल्या एका लेखकाची, अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं असलेली. पोरं तिला 'गाडीची गोष्ट' म्हणत. गोष्ट तशी एवढीशीच आहे. यशोदा भावाच्या लग्नाला माहेरी जाते. चार दिवसांत येते म्हणून सांगते आणि येत नाही. शेवटी रघुनाथ, तिचा नवरा, बैलगाडी जुंपून तिला आणायला जातो. परतीच्या वाटेत नदी लागते. यशोदा म्हणते, "जरा थांबता?" गाडी थांबते. ती उतरते, बाभळींच्या आडून पाण्याकडे जाते. रघुनाथ बैल सोडतो, त्यांना कडबा टाकतो, विडी ओढतो, चाकाची धाव तपासतो. दिवस मावळायला येतो. मग ती येते, गाडीत बसते आणि म्हणते, "चला." गोष्ट संपली.

शारदा उभी राहिली आणि पाठ केल्यासारखी सांगू लागली. "ही कथा म्हणजे भारतीय स्त्रीच्या संसारनिष्ठेचं दर्शन आहे. नदी हे प्रवाही संसाराचं प्रतीक आहे. नायिका माहेरचा मोह नदीत विसर्जित करते आणि पतीकडे परतते. 'चला' हा शब्द म्हणजे समर्पणाचा परमोच्च बिंदू आहे."

"छान," मी म्हटलं. "बस."

ते सगळं बरोबर होतं, म्हणजे सरांच्या नोट्समध्ये तसंच होतं. मला पुढच्या मुद्द्याकडे जायचं होतं. पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, शेवट, आणि तास संपला की घर. मी पुस्तक हातात घेतलं आणि पुढचा मुद्दा काढण्यासाठी पान शोधायला लागले. ते सापडेना. डोळ्यांपुढे ओळी एकात एक मिसळत होत्या. म्हणून मी सहज, वेळ काढायला, विचारलं, "ती नदीवर गेली तेव्हा निवेदक कुठे आहे?"

पोरं वह्या चाळायला लागली.

"गोष्ट आपल्याला कोण सांगतंय?"

"लेखक," एकजण म्हणाला.

"लेखक कुणाच्या शेजारी उभा राहून सांगतोय? तिच्या की त्याच्या? पुस्तकं उघडा. बघून सांगा."

पुस्तकांची पानं चाळल्याचा आवाज आला. सरांच्या वर्गात पुस्तकं क्वचितच उघडली जात. पोरं वह्या उघडत. किसन गरकळ नावाचा एक पोरगा होता, शेतावरचं काम उरकून सायकलनं यायचा. त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता मध्येच थांबला.

"मॅडम, बैलं."

"काय बैलं?"

"लेखक तं बैलापाशीच हाये. ती तिकडं गेली अन् हा इथंच. मंग बैलानं कडबा खाल्ला, मंग विडी, मंग चाक. बाभळीच्या तिकडं लेखक गेलाच नाही."

वर्ग हसला. मी हसले नाही. मी खुर्चीतून उठले.

"म्हणजे ती पाण्यापाशी काय करत होती, हे आपल्याला दिसतं का?"

"नाही."

"ती रडली?"

"लिहिलं नाही."

"तिनं माहेरचा मोह विसर्जित केला?"

शारदानं पुस्तकात बघितलं, मग वहीत बघितलं. "वहीत आहे. पुस्तकात नाही."

एवढं ती निरागसपणे बोलली. त्यातलं काहीतरी मला लागलं, पण काय ते तेव्हा कळलं नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'दृष्टिकोन'. मोठ्या अक्षरात. म्हटलं, "आता हेच बघा. सगळी गोष्ट रघुनाथच्या बाजूनं आहे. ती माहेरी चार दिवसांच्या जागी जास्त राहिली, तेही आपल्याला त्याच्या रागातूनच कळतं. का राहिली, ते कळतच नाही. गाडीत बसल्यापासून नदीपर्यंत ती किती बोलते?"

त्यांनी शोधलं. एक वाक्य. 'जरा थांबता?'

"आणि तो तिला काय विचारतो?"

ह्या वेळी बराच वेळ लागला. पानं पुढेमागे झाली. शेवटी शारदा म्हणाली, "काहीच नाही. तो बैलांना पाणी पाजायचं का असं गाडीवानाला... नाही, गाडीवान नाहीये. तो स्वतःशीच म्हणतो." तिनं पुस्तकातून मान वर केली. "मॅडम, तो तिला विचारत का नाही? एवढा वेळ थांबला, मग आल्यावर विचारायचं ना, काय झालं म्हणून."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं त्याला माहीत असेल."

"नाई बा," किसन म्हणाला. "भेत असंल."

"कशाला?"

"विचारलं अन् तिनं सांगतलं तर?"

आता वर्ग हसला नाही. पुढच्या बाकावरची एक पोरगी, जी कधी बोलत नसे, ती म्हणाली, "मग 'चला' म्हणजे समर्पण कसं?"

"'चला' म्हणजे काय काय असू शकतं?" मी विचारलं. "एकेकानं सांगा."

कुणी म्हणालं, अंधार पडला म्हणून. कुणी म्हणालं, पर्याय नाही म्हणून. किसन म्हणाला, थकली म्हणून. शारदा म्हणाली, राग आला म्हणून. पुढची पोरगी म्हणाली, प्रेम असेलसुद्धा, आपण कशाला नाही म्हणायचं. मी सगळं फळ्यावर लिहीत गेले, आणि हात भरून येत होता तरी मला थांबावंसं वाटत नव्हतं. वर्गातलं असं बोलणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

"पण मॅडम," शारदा म्हणाली, "सर तर म्हणतात की समर्पणच. परीक्षेत काय लिहायचं?"

माना पुन्हा मागे वळल्या.

सर पाटीवर लिहीत होते. लिहिलं, तळव्यानं पुसलं, पुन्हा लिहिलं. सगळा वर्ग वाट बघत होता. मीही. मला वाटलं, ते प्रतीकाबद्दल काही लिहितील, नाहीतर परीक्षकांच्या अपेक्षेबद्दल. त्यांनी पाटी किसनकडे दिली आणि बोटानं खूण केली, वाच.

किसननं पाटी बघितली. माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात वाचलं, "मॅडम थकल्या आहेत. आज इथेच थांबू."

पोरांनी वह्या मिटायला सुरुवात केली. सरांचा शब्द होता, वर्गाला सवय होती. मलाही होती. मी खडू ठेवला. हातावरची पांढरी धूळ झटकली. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला.

"हो. थकलेय. पण तास संपायला अजून वेळ आहे. वह्या उघडा."

वह्या उघडल्या. मागच्या बाकाकडे मी बघितलं नाही. घंटा होईपर्यंत मी शिकवत राहिले. काय शिकवलं ते आता आठवत नाही, पुन्हा खुर्चीत बसले नाही एवढं आठवतं.

घंटेनंतर आम्ही दोघं व्हरांड्यातून निघालो. प्राचार्य राजूरकर पलीकडच्या खोलीच्या दारात उभे होते. माणूस मोठा सज्जन, बोलायला लागला की मात्र थांबायचा नाही.

"मॅडम, मी बाहेरून ऐकत होतो हो. राहवलं नाही. काय पोरं बोलती केलीत! ह्या गरकळच्या तोंडून मी दोन वर्षांत शब्द ऐकला नाही." मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, आराम पडतोय ना? बोलू नका, बोलू नका." आणि परत माझ्याकडे. "असं शिकवता, आणि अकोल्याला नाही म्हणालात. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं."

"अकोल्याला?" मी म्हटलं.

डिसेंबरात मी अकोल्याच्या एका महिला महाविद्यालयात मुलाखत देऊन आले होते. बी. ए., एम. ए.ची जागा. सर स्वतः मला सोडायला आले होते. येताना बसमध्ये म्हणाले होते, "अनुभव म्हणून बरं असतं." पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, त्यांची बाई आधीच ठरलेली असणार, अशा ठिकाणी असंच चालतं. मी तो विषय मिटवून टाकला होता.

"अहो, त्यांच्या प्राचार्यांचा मलाच फोन आला होता," राजूरकर सांगत होते. "ऑर्डर काढण्याआधी विचारून घ्या म्हणाले, चालू नोकरीतली बाई आहे, येईल ना. तुम्ही सकाळच्या सत्रात, घरी गेलेल्या, म्हणून मी सरांना विचारलं. सर म्हणाले, मॅडम फार थकल्यात, घर सोडून त्यांना आता नकोच आहे. मी तसं कळवलं. बरोबर ना सर?"

एरवी त्यांनी एका वाक्यात सगळं सावरलं असतं. हसून काहीतरी म्हणाले असते, राजूरकर हसले असते, मी हसले असते, आणि घरी जाईपर्यंत मला वाटायला लागलं असतं की खरंच, मी म्हणाले असेनही. पण त्यांच्याकडे शब्द नव्हते. पाटी बगलेत होती. ती त्यांनी काढलीसुद्धा नाही. ते समोरच्या कडुनिंबाकडे बघत उभे राहिले आणि मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा आवाजाशिवाय बघितला. साधा, घाबरलेला, पन्नाशीच्या माणसाचा चेहरा होता तो.

"मी नको म्हटलं नव्हतं," मी राजूरकरांना म्हटलं. "मला कुणी विचारलंच नव्हतं."

राजूरकरांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. चष्मा काढून पुसला. "असं," म्हणाले. "बरं. म्हणजे... असं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जागा अजून तशीच आहे, मॅडम. त्यांनी जिला घेतलं ती आलीच नाही. परवाच त्यांचा पुन्हा फोन होता, कुणी असेल तर सुचवा म्हणून."

"मी संध्याकाळपर्यंत सांगते," मी म्हटलं.

घरी येताना उन्हात रस्ता रिकामा होता. रोजच्यासारखे ते पुढे निघाले. मध्येच थांबले, मी जवळ येईपर्यंत. मग बरोबरीनं चालायला लागले, पण ते चालणं त्यांना जमत नव्हतं, सारखे पुढे जात आणि पुन्हा थांबत. मी माझ्या चालीनं चालत राहिले.

घरात आल्यावर मी चहा ठेवला. त्यांचा गार करायला बशीत ओतून ठेवला, गरम चालत नव्हता. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. पाटी मांडीवर. टक टक केलं नाही. मीच समोर बसले.

"एकच विचारते," मी म्हटलं. "भांडायचं नाहीये. भांडायला अंगात काही उरलं नाही. तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

ते लिहायला लागले. बरंच लिहिलं. मुग्धाचं नाव दिसलं, अकोल्याला खोलीचं भाडं, माझी पाठ, असं काय काय उलट्या अक्षरांत मला समोरून दिसत होतं. मी हात पुढे करून पाटी घेतली. ओल्या फडक्यानं पुसली आणि परत दिली.

"हे नको. हे तुम्ही राजूरकरांना सांगा. मला विचारलं का नाहीत, तेवढंच."

बाहेर कुणाच्या तरी दारात पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, बायकांचा कालवा झाला, टँकर गेला. चहावर साय धरली. मग त्यांनी चार शब्द लिहिले आणि पाटी माझ्याकडे न देता जमिनीवर ठेवली, माझ्या बाजूला वळवून.

'तू हो म्हणाली असतीस.'

मी ते वाचलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच अशी होती की तिच्याबद्दल मला शंका घ्यावीशी वाटली नाही. त्यांचे डोळे भरले होते. माझे नव्हते. मला त्यांची कीव आली आणि राग आला, आणि दोन्ही धरून ठेवण्याइतकी ताकद नव्हती म्हणून दोन्ही सुटून गेलं.

"चहा घ्या," मी म्हटलं. "घसा सुकू देऊ नका म्हणालेत."

संध्याकाळी मी राजूरकरांच्या घरी गेले आणि मी जाते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बी. ए.चा कथेचा पेपर? मी म्हटलं, ही गोष्ट झालीय शिकवून, बाकीच्या गोष्टी पोरं वाचतील. त्यांनी अकोल्याला फोन लावून दिला. मी स्वतः बोलले.

घरात त्यानंतरचे दिवस भांडणाचे गेले नाहीत. मी स्वयंपाकाला एक बाई ठरवली आणि मऊ भात कसा करायचा ते तिला दाखवलं. गोळ्या कुठल्या कधी घ्यायच्या ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. मुग्धाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबा काय म्हणाले?" मी म्हटलं, "बाबांना बोलायची बंदी आहे." त्यावर ती हसली आणि मग रडायला लागली. का, ते मी विचारलं. ती म्हणाली, "तू कधी असं काही करशील असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, "मलाही."

रविवारी दुपारच्या बसनं निघाले. सर स्टँडवर आले. पेटी त्यांनीच टपावर चढवून घेतली, वळकटी आत आणली, आणि बस सुटायला वेळ होता म्हणून माझ्या शेजारी बसले. मफलर घामानं ओला झाला होता. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला आणि त्यांना म्हणाला, "बोला साहेब, कुठं?"

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघितलं.

"अकोला," मी म्हटलं. "एकच."

कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा ते उतरले. खिडकीखाली उभे राहिले. डॉक्टरांची बंदी होती म्हणून की काय, पण ती वेळ त्यांना चांगली निभावता आली. नुसता हात खिडकीच्या गजावर ठेवला. बस हलली तसा काढून घेतला.

पुढचं सांगायचं तर अकोल्याला मी निवृत्त होईपर्यंत राहिले. शनिवारी दुपारी रिसोडची बस आणि सोमवारी पहाटे परतीची, अशी माझी वर्षं गेली. सरांचा आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. जाडसर झाला, लवकर दमायचा, भाषणांची निमंत्रणं कमी होत गेली. आम्ही वेगळे झालो नाही. फार जवळही आलो नाही. त्यांना भाजी आणता यायला लागली, भात लावता यायला लागला. कधी कधी शनिवारी मी दारात पाऊल टाकताच ते विचारत, आधी जेवायचंय की आधी पडायचंय? हे विचारणं त्यांना जड जायचं, शब्द शोधत विचारायचे. लोकांनी काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. 'वाटेतली नदी' ते पुढे कसे शिकवत, ते मला माहीत नाही. मी अकोल्यात ती कधी शिकवली नाही, तिथे अभ्यासक्रम वेगळा होता.

पण तो रविवार मला नीट आठवतो. पातूरचा घाट उतरून बस अकोल्यात शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुलींच्या वसतिगृहाच्या मागे रेक्टरबाईंच्या शेजारची एक खोली मला दिली होती. खाट, टेबल, एक खिडकी, तिच्याबाहेर पाण्याची टाकी. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बसमध्ये ठरवलं होतं, पोचल्यावर आधी खोली झाडायची, पेटी लावायची, उद्याच्या तासाची तयारी करायची, मग गाव बघून यायचं, एकटीनं, कुठेतरी बसून चहा प्यायचा. केवढं काय काय ठरवलं होतं.

वळकटी सोडली आणि म्हटलं, जरा पाठ टेकावी.

रेक्टरबाईंनी दार वाजवलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. "मॅडम, ताट वाढलंय. येता ना जेवायला?"

मला आवाज ऐकू येत होता पण अंग उठत नव्हतं. कुणाला तरी वाढायचं राहिलंय, काहीतरी गॅसवर आहे, असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, काही नाही. कुठेच काही नाही.

"नको," मी पडल्या पडल्याच म्हटलं. "मी झोपते."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. मी कूस बदलली. सकाळी मुली नळावर भांडायला लागल्या तेव्हा जाग आली, आणि साडी कालचीच होती.